भरल्या पोटाचा भाव

ज्या साली मक्याचा भाव दुपटीला जाऊन भिडला, ते साल एकोणीसशे शहाण्णव. घरात पुढे कितीतरी वर्षं काळ त्याच खुणेने मोजला जायचा. थोरल्याची धाकटी मुलगी मका चढला त्याच्या आधीची, विहिरीवरचा नवा पंप मका चढला त्याच्या नंतरचा. माईंची खूण मात्र वेगळी होती. त्यांच्या लेखी ते निळ्या बादलीचं साल होतं, आणि हे त्यांनी कधी कुणापुढे बोलून दाखवलं नाही.

पहिली डुकरीण या घरात पोत्यातून कशी आली आणि तिची पहिली वीण माईंनी चुलीच्या उबेला खोक्यात ठेवून कशी जगवली, ती गोष्ट वेगळी. आता घरामागे दोन लांब शेड उभ्या होत्या, तीसेक माद्या होत्या, आणि वजनाला आलेला माल दर पंधरवड्याला काटेवाल्याच्या गाडीत चढत होता. काटेवाला म्हणजे कत्तलखान्याचा खरेदीदार. स्वतःचा वजनकाटा गाडीत घालून आणायचा म्हणून माईंच्या नवऱ्याने, आप्पांनी, त्याला ते नाव ठेवलं, आणि ते असं चिकटलं की त्याची बायकोसुद्धा फोनवर "काटेवाल्यांच्या घरून बोलतेय" म्हणायची.

माल चढायच्या दिवशी घरात एक रीत होती. दारातून प्रवासाला निघालेलं कुणी उपाशी जाता कामा नये, हा माईंच्या आईचा नियम. माईंनी तो माणसांपुरता ठेवला नाही. ज्या जनावरांना जायचं असेल त्यांच्यासाठी त्या पहाटेच आंबोण शिजवायच्या. कोंडा, मक्याचा भरडा, उकडलेले बटाटे, वरून उसाच्या मळीची धार. ते कोमट असताना गव्हाणीत ओतायच्या, एकेकाच्या कानामागे खाजवायच्या, "खा रे बाबा, पोटभर खा" म्हणायच्या आणि गव्हाण चाटून होईपर्यंत तिथून हलायच्या नाहीत. मगच गाडीचं फळकूट खाली यायचं, काटा लागायचा.

आप्पा मुठीमुठीचा हिशोब ठेवणारे. गव्हाणीबाहेर सांडलेला भरडा ते खराट्याने गोळा करून परत आत टाकायला लावायचे. पण त्या आंबोणाबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. उलट एकदा बाजारातून येताना ते भलीमोठी निळी बादली घेऊन आले. "तुझी लहान पडते," एवढंच म्हणाले. संसाराला इतकी वर्षं झाली, पण आप्पांनी न मागता आणलेली ती एकच वस्तू. माईंनी ती दुसऱ्या कुठल्या कामाला लावली नाही. घासूनपुसून खिडकीखाली उपडी घालून ठेवायच्या, एखादी बाई दागिना ठेवते तशी.

त्या रविवारी धाकटा मुलगा सकाळच्या बसने आला. तो शहरात बाटल्यांच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला आणि सुटताना त्याच्या हातात बरी रक्कम आली. ती रक्कम घरात घालून त्याने परत यावं, असं थोरल्याने सुचवलं होतं. विकतची पोती आणण्यापेक्षा आपणच मका हंगामात भरून ठेवू, भरडायचं आणि कालवायचं यंत्र घेऊ, ते धाकट्याने बघावं. नाहीतर या भावाने वर्षअखेरीला माद्या विकून शेडला कुलूप लावायची वेळ आली होती. माईंना यंत्रातलं फारसं कळत नव्हतं. धाकटा घरी येईल, एवढं कळत होतं, आणि तेवढ्यासाठी त्या आठवडाभर पाय जमिनीला न लावता वावरत होत्या.

धाकट्याने आल्या आल्या काय केलं, तेही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. त्याने अंगावरचा चांगला शर्ट काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीच्या तोंडाला गाठ मारली, वर आणखी एक गाठ मारली आणि जुना सदरा चढवला. घरातला वास कपड्यांना लागू नये म्हणून. शाळेत असताना पोरं त्याला पाहून नाक धरायची. तेव्हा तो घरी येऊन विचारायचा, आपण गाई का नाही पाळत? आप्पा म्हणायचे, गाईचं शेण काय अत्तर असतं? सगळे हसायचे. तो हसायचा नाही. माईंनी आता त्या दोन गाठींकडे पाहिलं आणि नजर फिरवली.

स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती सगळे बसले. आप्पा त्यांच्या खुर्चीत, थोरला त्यांच्या उजव्या हाताला, समोर धाकटा. थोरली सून फळीला टेकून उभी होती, कारण खर्चाचं सगळं तिला तोंडपाठ असायचं. कोपऱ्यात आत्या, म्हणजे आप्पांची बहीण, मांडीवर परात घेऊन बटाटे सोलत होती. तिला ऐकू कमी यायचं, पण जे ऐकू नये ते बरोबर ऐकू यायचं.

धाकट्याने आधी खर्च विचारला. सुनेने सांगितलं की शंभर घातले तर त्यातले सत्तर नुसत्या खाण्यात जातात. बाकीच्यात औषधं, वीज, गाडी, डागडुजी.

"एक डुक्कर विकायच्या वजनाला येईस्तोवर स्वतःच्या वजनाच्या तिप्पट खातं, भाऊजी. आणि त्याच्या आईने गाभण असताना खाल्लं, ते वेगळं."

"आणि मधेच मेलेली?"

"मेली त्यांनीही मरेपर्यंत खाल्लंच ना."

आत्या परातीतून न बघताच म्हणाली, "या घरात डुकरांनी खाल्लेलं सगळ्यांना पाठ आहे, माणसांनी खाल्लेलं कुणी विचारत नाही." थोरला हसला, वातावरण थोडं सैल झालं. धाकट्याने पुढे विचारलं, मग हाताशी राहतं काय. सुनेने आप्पांकडे एकवार पाहिलं आणि खरं ते सांगितलं. मका चढायच्या आधी थोडंफार राहायचं. आता दर डुकरामागे पदरचंच घालावं लागतं.

थोरल्याला ते झोंबलं. यंत्र आलं की खाण्याचा खर्च खाली येईल, त्यासाठीच तर हे सगळं चाललंय, हे त्याने पुन्हा सांगितलं आणि वर म्हणाला, "शहरात बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं."

"उंट माझ्या पैशाचा आहे," धाकटा म्हणाला, "म्हणून विचारतोय. खर्चाचं कळलं. विक्रीचा भाव इतका कमी का, ते सांगा."

थोरल्याने आप्पांकडे पाहिलं. धाकट्याने मग सावकाश सांगितलं. कारखान्यातल्या त्याच्या सोबत्याच्या सासऱ्याकडे डुकरं होती. तोही याच काटेवाल्याला माल द्यायचा. जात तीच, वजन तेच, रस्ताही आणखी लांबचा. तरी त्याला किलोमागे दोन रुपये जास्त मिळत होते.

"लोक फुशारक्या मारतात," आप्पा म्हणाले.

"मारत असतील. म्हणून मी काटेवाल्यांनाच दुपारी चहाला बोलावलंय."

आप्पांचा चेहरा तेव्हा कसा झाला ते माईंना पुढे कितीदा आठवलं. ते रागावले नाहीत, नुसते बसल्या जागी आखडले. व्यापाऱ्याला घरात बोलावून आपल्या तोट्याचं गाणं गायचं नसतं, झाकली मूठ सव्वा लाखाची, असं काहीबाही बोलले. थोरल्याने त्यांची री ओढली आणि धाकट्याने घरच्यांना न विचारता परस्पर बोलावणं धाडलं म्हणून त्याला सुनावलं. माईंनीही थोरल्याचीच बाजू घेतली. बापाला विचारायला हवं होतंस, म्हणाल्या.  सून तेवढी धाकट्याकडे बघत राहिली, आणि तिने न विचारता त्याचा कप पुन्हा भरला.

काटेवाला आला तो बिस्किटांचा पुडा घेऊन. पायपुसण्यावर बूट पुसपुसून आत आला. इतक्या वर्षांत तो अंगणापलीकडे कधी आला नव्हता. घरात बसायची पहिलीच वेळ. मोठा गोलमटोल, बोलका माणूस. घर छान ठेवलंय म्हणाला, आत्यांना नमस्कार केला, आप्पांच्या पाठीवर थाप मारली. माईंनी चहा पुढे केला तेव्हा त्याला वाटलं, या बाईचं काहीतरी कौतुक केलं पाहिजे.

"वहिनी, तुमच्या आंबोणाची कीर्ती आमच्याकडे झाडूवाल्यापर्यंत पोचलीये बरं का."

माई लाजल्या. "अहो, कसली कीर्ती. साधा कोंडा असतो."

"साधा कसला! पोट उघडलं की मळीचा वास सुटतो. आमची पोरं नुसत्या वासावरून सांगतात, हा माल कुठल्या घरचा."

माई हसल्या. इतक्या लांबवर आपल्या हाताची ओळख पोचली, याचं त्यांना अगदी क्षणभर बरं वाटलं. हसू ओठांवर असतानाच त्यांनी आजूबाजूला पाहिलं, तर बाकी कुणीच हसत नव्हतं.

काटेवाल्याला अजून काही उमगलं नव्हतं. तो आप्पांकडे वळला, जुन्या गमतीत वाटा मागावा तसा.

"आता या वयात काय लपवायचं, आप्पा. मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. तुमच्या दारात भरलेलं वजन आणि माझ्या दारात उतरलेलं वजन, मधे चार-चार किलो गायब. इतरांचंही थोडं उतरतं, पण इतकं नाही. मी म्हटलं, कशाला तोंड वाजवायचं. किलोमागे दोन कमी केले, विषय संपला. आमच्याकडे त्याला नावच पडलंय, भरल्या पोटाचा भाव. आता आणखी कुणी तो उद्योग केला की आमचे लोक म्हणतात, याला आप्पांचा भाव लावा."

धाकटा टेबलावर बोटाने काहीतरी मांडत होता. लिहायला काही नव्हतं, नुसत्या अदृश्य रेघा. मग तो थोरल्याकडे बघून म्हणाला, "म्हणजे पोटातल्या चार किलोंचे आपण घेतले, आणि अख्ख्या शंभर किलोंवर दोन-दोन सोडले."

"आणि ते चार किलो आपल्याच पोत्यातले," सून हळूच म्हणाली.

आत्याने सोलणं थांबवलं. "कोहळा देऊन आवळा आणला म्हणा की. इतकी वर्षं."

माईंना आकडे कळले नाहीत. त्यांच्या हातात चहाची किटली होती, ती त्यांनी खाली ठेवली. माझ्या आंबोणाचा आणि वजनाचा काय संबंध, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. एखादा दिवा लावावा आणि खोलीतलं सगळं सामान आपापल्या जागी दिसावं, तसं त्यांना दिसलं. काटेवाल्याचं लक्ष आता कुठे त्यांच्या चेहऱ्याकडे गेलं. तो अर्धवट उठला.

"वहिनी, मला वाटलं घरात सगळ्यांनाच..."

आणि तेव्हा आप्पा बोलले. बोलले नसते तर बरं झालं असतं, असं पुढे घरातल्या प्रत्येकाला वाटलं.

"मी काय सांगणार तिला? मी कुठे घालतो? तिचीच हौस ती. बाईमाणसाचा जीव गुंततो जनावरात, मी म्हटलं कशाला मोडता घाला."

थोरल्याने मान खाली घातली. धाकट्यानेही. आयुष्यभर एकमेकांशी न पटलेले ते दोघे भाऊ त्या घटकेला एकाच टेबलाच्या एकाच रेघेकडे बघत होते. परका माणूस समोर बसलेला, आणि बाप आईच्या पदराआड लपत होता.

माई आप्पांकडे बघत होत्या. आवाज चढवायची सवय त्यांना नव्हतीच.

"मग निळी बादली का आणलीत?"

आप्पांनी चहाचा रिकामा कप उचलून तोंडाला लावला.

"जुनीला भोक पडलं होतं."

जुनी बादली त्या घटकेलाही न्हाणीत होती. भोक वगैरे काही नव्हतं. सुनेने त्याच बादलीने सकाळी पाणी काढलं होतं, आणि खोलीतल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं, आप्पांनाही.

काटेवाला बिचारा घामाघूम झाला. आपण काय करून बसलो हे त्याला कळलं, आणि भला माणूस ते सावरायला गेला की आणखी बिघडवतो, तसं झालं. पैशाचं काही मनाला लावून घेऊ नका, म्हणाला. माल रिकाम्या पोटी पाठवा, नुसतं पाणी ठेवा; वजनातली तूट इतरांइतकी झाली की मी भावही इतरांइतका करतो, माझा शब्द. माईंनी विचारलं, एवढ्या लांबच्या प्रवासाला उपाशी कशी पाठवायची? त्यांच्या तोंडून ते सवयीने गेलं.

"उपाशीच बरी असतात, वहिनी. भरल्या पोटी गाडीत हिंदकळली की ओकतात. एकमेकांच्या अंगावर पडतात, गुदमरतात. एखादं वाटेतच जातं. तुमच्या घरच्या मालात ते जरा जास्त..." 

माई थोरल्याकडे वळल्या. दर खेपेला तोच गाडीबरोबर जायचा.

"तू असतोस ना रे बरोबर?"

"असतो."

"मग?"

थोरला आपल्या नखांकडे बघत राहिला. "वाटेत थांबून पाणी मारतो त्यांच्यावर," तो म्हणाला. "शांत होतात मग."

"आणि मला काय सांगायचास? मी विचारायचे तेव्हा?"

 थोरला परत आल्यावर माई दर वेळी विचारायच्या, नीट गेली ना? आणि तो दर वेळी म्हणायचा, नीट गेली, माई, झोपली होती सगळी.

काटेवाला गेला. बिस्किटांचा पुडा टेबलावर तसाच राहिला. आप्पा उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. कुणी त्यांच्या मागे गेलं नाही, आणि हेही त्या घरात पहिल्यांदाच झालं. एरवी आप्पा उठले की थोरला सावलीसारखा मागोमाग असायचा. तो आज जागेवरच बसून होता. धाकट्याने त्याला एवढंच विचारलं, तुला भावाचंही ठाऊक होतं का. थोरला म्हणाला, भावाचं नाही, शपथ; वजनाचं ठाऊक होतं, आप्पांनी सांगितलं होतं मिसरूड फुटायच्या आधीच. धाकट्याने मान हलवली. भांडायला कुणाकडेच जोर नव्हता.

माई शेडकडे गेल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ सून. त्यांच्या पायांचा आवाज ओळखून पलीकडच्या कप्प्यातली जनावरं फळ्यांशी गोळा झाली, नाकाडं वर करून. पुढच्या खेपेला त्यांचीच पाळी होती. माईंनी हात पुढे केला आणि मागे घेतला. इतक्या खेपा, इतकी वर्षं. प्रत्येकाला त्यांनी कानामागे खाजवून, लाडीगोडी लावून भरवलं होतं. एखादं खात नसलं तर बोटाला मळी लावून चाटवली होती.

सुनेने धीर द्यायला म्हटलं, "माई, तुम्हाला काय ठाऊक. तुम्ही मायेने केलंत. लाज वाटायची ती त्यांना वाटू दे."

 माईंना एक सकाळ आठवत होती. मुलं लहान असतानाची. त्यांना सणकून ताप होता, उठवत नव्हतं, आणि माल चढायचा दिवस होता. जागेवरून पाण्याचा पेला न घेणारे आप्पा त्या दिवशी चुलीपाशी बसले. धुराने डोळे पुसत त्यांनी स्वतः आंबोण शिजवलं आणि बादली उचलून घेऊन गेले. माई पांघरुणातून बघत होत्या. त्या माणसाच्या मनात जनावरांची एवढी माया नव्हती, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"मला ठाऊक नव्हतं असं म्हणू नकोस," त्या सुनेला म्हणाल्या. "कळलं असतं, गं. एकदा अगदी हाताशी आलं होतं. मीच घडी घालून ठेवून दिलं."

"का?"

"बादली आवडली होती मला."

एवढं बोलून त्यांनी तोंडाला पदर लावला.  सून त्यांच्या शेजारी फळीला टेकून उभी राहिली, आणि समोरची जनावरं वाट बघून बघून एकेक करून मागे फिरली.

संध्याकाळच्या बसला धाकटा निघाला. जाताना म्हणाला, पुढच्या मालाला मी येतो. रिकाम्या पोटी वजन करू, काय उतरतं ते बघू, मग पैशाचं बोलू. माई दारात उभ्या होत्या. या दारातून कुणी निघालं की त्यांचे हात आपोआप फडताळाकडे जायचे: उकडलेली अंडी, पाव, काहीतरी कागदात बांधून द्यायला. आज हात तिथवर गेले आणि थांबले. धाकटा थोडा वेळ वाट बघत उभा राहिला, लहानपणी राहायचा तसाच.

"काही देत नाहीस, माई?"

"वाटेत घे काहीतरी," त्या म्हणाल्या. त्याला समजलं. त्याने टेबलावरचा बिस्किटांचा पुडा उचलला, खिशात घातला आणि गेला.

पुढच्या मालाच्या दिवशी चूल थंड होती. धाकटा आदल्या दिवशीच आला होता, अंगावरच्या कपड्यांनिशी. गाठी मारलेली पिशवी आणली नव्हती. वासाची लाज आता त्या घरात सगळ्यात किरकोळ लाज उरली होती.

जनावरांना आदल्या संध्याकाळपासून फक्त पाणी होतं. माई शेडमध्ये गेल्या तेव्हा ती गव्हाणीपाशी जमली आणि ओरडू लागली. रिकाम्या पोटाचा तो ओरडा माईंनी या शेडमध्ये कधी उठू दिला नव्हता. त्यांनी न्हाणीतल्या जुन्या बादलीने गव्हाणीत पाणी ओतलं. जनावरांनी त्यात नाक खुपसलं, मळी शोधली, आणि नाक बाहेर काढून त्यांच्याकडे पाहिलं. माई तिथून हलल्या नाहीत. कान झाकून घरात जाणं आता त्यांना शोभणार नव्हतं.

काट्यावर एकेक जनावर चढलं. काटेवाला एरवी आकडा खणखणीत आवाजात सांगायचा, आज त्याने आवाज खाली ठेवला होता. वजन कमीच भरलं. थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं, धाकट्याने नुसती मान डोलावली. आप्पा आले नाहीत. बाहेरच्या बाकावरून त्यांना गाडी दिसत होती, आणि त्यांनी बाक उलट दिशेला फिरवून घेतला होता.

त्या दिवशी थोरला गाडीबरोबर गेला, आणि धाकटाही. परत आल्यावर माईंनी विचारलं नाही. थोरला स्वतःहून त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"एकदाही पाणी मारावं लागलं नाही," तो म्हणाला. खरंच सांगतोय का, हे कळायला माईंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आपल्याच पोराच्या चेहऱ्याकडे असं बघायची वेळ आली, याची त्यांना मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली. पण त्या बघत राहिल्या. मग धाकट्याने मागून होकाराची मान हलवली, तेव्हा कुठे त्या आत गेल्या.

भाव एकदम चढला नाही. नाव पडायला एक खेप पुरते, ते पुसायला फार खेपा लागतात. काटेवाला शब्दाचा पक्का निघाला. पुढचा मका घरात आला तेव्हा त्याने किलोमागे आधी एक रुपया वाढवला, आणि त्याच्या पुढच्या हंगामात दुसरा. काम सोडल्यावरही तो वर्षातून एकदा बिस्किटांचा पुडा घेऊन यायचा, पण अंगणातूनच देऊन जायचा. त्याच्या जागी आलेल्या पोराला भरल्या पोटाचा भाव हे शब्द ठाऊक होते, ते कुणाच्या घरावरून आले ते ठाऊक नव्हतं.

धाकट्याने यंत्र घेतलं आणि परत आला. खाण्याचा खर्च सत्तरावरून साठाच्या घरात आला, आणि शेडला कुलूप लागलं नाही. दोघा भावांचं पुढेही फारसं पटलं नाही, पण गाडीबरोबर ते आळीपाळीने जात राहिले. आत्या नव्वदीपर्यंत जगली आणि शेवटपर्यंत जे ऐकू नये ते ऐकत राहिली. हिशोबाची सूत्रं सुनेकडे आली. आप्पांनी ती दिली नाहीत, नुसती धरणं सोडून दिलं. आप्पा त्यानंतर बरीच वर्षं होते. झाकल्या मुठीची म्हण त्यांच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकली नाही. बादलीबद्दल त्यांनी माईंची माफी मागितली की नाही, ते त्या दोघांनाच ठाऊक. पण त्यांच्या शेवटच्या आजारात, वाचा गेल्यावर, ते माईंचा हात धरून खिडकीकडे बोट दाखवायचे, आणि माई म्हणायच्या, असू दे.

निळी बादली माईंनी टाकली नाही, पुन्हा वापरलीही नाही. ती खिडकीखाली उपडी होती तशीच राहिली. घरातली पोरं तिच्यावर चढून बाहेर बघायची.

आणि माई. त्या दिवसापासून त्यांनी घरातून निघालेल्या कुणाला खाण्याचा आग्रह केला नाही. नव्या सुनांना वाटायचं, माईंचा हात आखडता आहे. शेवटी त्यांना इस्पितळात न्यायला गाडी आली, तेव्हा थोरल्या सुनेने दुधात बुडवलेला पावाचा तुकडा त्यांच्या ओठांपाशी नेला. दोन दिवस पोटात काही नव्हतं. माईंनी तोंड फिरवलं.

"प्रवासाला निघालेल्याला भरवू नये, गं," त्या म्हणाल्या. "पाणी दे."

त्या दोन घोट पाणी प्यायल्या. सुनेने त्यांच्या कानामागचे केस सारखे केले, आणि तिचा हात तिथेच थबकला. गाडी निघेपर्यंत तिने तो काढला नाही.